किती भरले ते नको, किती उरले ते लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडला राहणारं चौघांचं घर. मिस्टर चाकणच्या कंपनीत, ताई खासगी शाळेत शिकवतात. दोघांचे मिळून हातात ६०,००० रुपये येतात, त्यातले १६,५०० फ्लॅटच्या हप्त्याला जातात. तीन क्रेडिट कार्डांवर मिळून २,२८,००० रुपये थकलेत. सुरुवात सासऱ्यांच्या ऑपरेशनपासून झाली, मग मोठ्या मुलाचा लॅपटॉप आला आणि मग हळूहळू किराणाही कार्डावर गेला. ताई विचारतात, "दर महिन्याला पंधरा हजार भरतो. दोन वर्षं झाली, आकडा जागचा हलत नाही. महिन्याला किती भरायचं ध्येय ठेवू म्हणजे हे संपेल? दागिने गहाण ठेवू का?"

ताई, मी एकोणीस वर्षं बँकेच्या कार्ड विभागात काढली आणि गेली काही वर्षं अशाच घरांचे हिशोब मांडायला बसते. तुमच्यासारखं नियमाने भरणारं घर या कर्जात दोन-दोन वर्षं अडकलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण मेहनत पूर्ण असते आणि फळ बँकेकडे जातं. तुम्ही ध्येय ठेवलंय ते भरायच्या रकमेचं. पंधरा हजार भरले की महिना पार पडला असं वाटतं. पण त्याच महिन्यात पेट्रोल, औषधं, किराणा मिळून सहा हजारांच्या आसपास पुन्हा कार्डावर जातात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट बदलायला सांगते: या महिन्यात किती भरायचे हे ठरवू नका, या महिन्याच्या शेवटी किती उरले पाहिजेत ते ठरवा. उरलेल्या रकमेत सगळं येतं, भरणाही, व्याजही आणि मधल्या मंगळवारी मेडिकलच्या दुकानात कार्डावर केलेला साडेचारशेचा क्यूआर स्कॅनही.

तुमची तीन स्टेटमेंट्स घेऊन हिशोब मांडू. नावं ठेवू मोठं, मधलं आणि लहान कार्ड. मोठ्यावर १,१२,००० आहेत, व्याज महिना ३.७५ टक्के. मधल्यावर ८४,०००, व्याज ३.५ टक्के. लहानावर ३२,०००, व्याज ३.६ टक्के. हे दर महिन्याचे आहेत, वर्षाचे नाहीत. साडेतीन टक्के ऐकायला बारीक वाटतात, वर्षाचे ते बेचाळीस होतात. त्यावर आणखी १८ टक्के जीएसटी. घरकर्जाच्या किंवा पतपेढीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो. हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

आता आकडे. मोठ्या कार्डाचं महिन्याचं व्याज ४,२०० आणि जीएसटी ७५६, म्हणजे ४,९५६. मधल्याचं जीएसटीसकट ३,४६९. लहानाचं १,३५९. बेरीज ९,७८४ रुपये. तुमच्या घरातून दर महिन्याला पावणेदहा हजार रुपये जातात आणि त्यातून एक पैशाचं मुद्दल फिटत नाही. मिनिमम अमाउंट ड्यू, म्हणजे महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, साधारण पाच टक्के असतो, म्हणजे तिन्ही कार्डांचा मिळून ११,४००. तेवढाच भरलात तर मुद्दल कमी होतं १,६१६ रुपयांनी. तुम्ही पंधरा हजार भरता म्हणून ५,२१६ कमी व्हायला हवेत, पण सहा हजार परत चढतात. दोन वर्षं आकडा का हलला नाही, त्याचं उत्तर या बेरजेत आहे. तुमच्या नशिबात किंवा तुमच्या उधळेपणात ते नाही. तुम्ही उधळे नाही आहात, हे तुमच्या खर्चाच्या यादीवरून मला स्पष्ट दिसतंय.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कार्डावर मागची बाकी असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी पंचेचाळीस-पन्नास दिवस मिळत नाहीत. आज स्वाइप केलं तर आजपासून व्याज. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, तेव्हापासून वाण्याच्या काउंटरवरचा तोच क्यूआर कोड स्कॅन होतो आणि पैसे बचत खात्यातून गेले की कार्डातून, हे हाताला कळतसुद्धा नाही. तुमची कोथिंबीर आणि दूध बेचाळीस टक्के व्याजाने घरात येतंय. म्हणून पहिलं काम भरण्याचं नाही. आज रात्री दोघांच्याही फोनमधल्या यूपीआय अॅपमधून क्रेडिट कार्ड काढून टाका, खरेदीच्या अॅपमध्ये सेव्ह केलेली कार्डं पुसा, आणि तिन्ही कार्डं पाकिटातून काढून कपाटात लॉकरच्या कप्प्यात ठेवा. कात्रीने कापून काही होत नाही, नंबर तसाच राहतो.

स्वाइप थांबवायचं तर ते सहा हजार रोखीने भागवावे लागतील. सध्या तुम्ही पंधरा भरता आणि सहा परत घेता, म्हणजे खिशातून खरे नऊच जातात. ते चौदा करायचे आहेत. वरचे पाच कुठून येतील? तीन हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, थांबवा. ती बंद करताना जीव वर-खाली होतो, मला माहीत आहे, विशेषतः मुलांच्या नावाने सुरू केलेली असेल तर. पण वर्षाला बारा-तेरा टक्के मिळतील या आशेवर तीन हजार गुंतवायचे आणि त्याच महिन्यात वर्षाला पन्नासच्या घरात जाणारं व्याज द्यायचं, यात मुलांचंच नुकसान आहे. उरलेले दोन हजार बाहेरचं खाणं, दोन ओटीटी आणि तुम्ही 'इतर' या रकान्यात घातलेल्या गोष्टींतून निघतील. त्याहून जास्त छाटू नका. दर महिन्याला आठ हजार वाचवू असं म्हणून आलेली घरं मी पाहिली आहेत, तिसऱ्या महिन्यात ती थकतात. गावाला सासूबाईंना पाठवता ते तीन हजार तसेच राहू द्या. भिशीही सोडू नका, ती अकरा जणींशी दिलेली जबान आहे, आणि ती आपल्या कामाला येणार आहे.

एसआयपीत आजवर जे साठलंय त्यातून १५,००० काढा आणि ज्या खात्याचं एटीएम कार्ड तुम्ही रोज वापरत नाही अशा खात्यात ठेवा. सगळे पैसे कर्जात घाला, हातात कशाला ठेवता, असं सांगणारे भेटतील. मी नाही सांगणार. मूल तापाने फणफणलं, स्कूटरचा टायर गेला, की हात सरळ कार्डाकडे जातो. हे पंधरा हजार त्या हातासाठी आहेत.

आता चौदा हजार महिना. नुसते तिन्ही कार्डांवर भरत राहिलात तर सगळं फिटायला अठ्ठावीस-एकोणतीस महिने लागतील. खूप आहेत. म्हणून मिस्टरांच्या कंपनीत कामगारांची पतपेढी आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, तिकडे वळू. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातली ती सर्वांत मोलाची ओळ आहे. पतपेढीचा दर जागेगणिक वेगळा असतो, मी हिशोबासाठी ११ टक्के धरते. तिथून मोठ्या कार्डाचे १,१२,००० उचलले आणि चोवीस महिन्यांत फेडायचे ठरवले तर पगारातून हप्ता कापला जाईल साधारण ५,२०० रुपये. त्या १,१२,००० चं आजचं व्याज ४,९५६, पतपेढीत पहिल्या महिन्याचं व्याज १,०२७. खिशातून तेच चौदा हजार जातात, पण आधी त्यातून मुद्दल फिटत होतं सव्वाचार हजार, आता फिटेल आठ हजारांच्या वर. जामीनदार दोन लागतील, काही रक्कम शेअर्सपोटी कापून घेतात, तेव्हा हातात नेमके किती पडतील ते आधी विचारा आणि अर्ज त्या हिशोबाने करा. शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्याकडे जामीन मागायला मिस्टरांना अवघड वाटेल. तो संकोच एका दिवसाचा आहे.

दागिन्यांचं विचारलंत. पतपेढी नसती तर मी तेही सुचवलं असतं, बँकेच्या सोनेतारण कर्जाचं व्याज कार्डाच्या मानाने पाव-तिसरा हिस्सा असतं. पण बऱ्याच सोनेतारणात वर्षअखेरीस मुद्दल आणि व्याज एकरकमी भरायचं असतं. महिन्याच्या हप्त्यावर चालणाऱ्या घराला तो दिवस जड जातो, आणि पुढे लिलावाची नोटीस येते. आधी पतपेढी, मग बँकेचं पर्सनल लोन, मग दागिने. कार्डवाली बँक स्वतःच थकलेल्या रकमेचे ईएमआय करून देते, तो फोन तुम्हाला येतच असेल. त्यात प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, आणि व्याजावर जीएसटी धरून महिन्याला खरे किती जातात, हे तीन आकडे लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. 'फक्त' अमुक रुपये हप्ता, या 'फक्त'वर कोणी जाऊ नये.

ज्या दिवशी मोठं कार्ड शून्यावर येईल तो दिवस सर्वांत धोक्याचा. माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या बहुतेक घरांची गोष्ट हीच आहे: स्वस्त कर्ज काढून कार्ड मोकळं केलं, लिमिट उघडी राहिली, वर्षभरात कार्ड पुन्हा भरलं आणि आता दोन कर्जं आहेत. तेव्हा त्याच आठवड्यात बँकेला लिमिट कमी करायला सांगा आणि महिनाभराने ते कार्ड बंद करा. महिनाभराने का, ते शेवटी सांगते.

आता राहिलेली दोन कार्डं, मधलं आणि लहान, मिळून १,१६,०००. त्यांच्यासाठी महिन्याला ८,८०० हातात आहेत. मधल्यावर दर महिन्याला ४,२०० आणि उरलेले सगळे लहानावर. लहानाचा दर जरा जास्तही आहे आणि ते लवकर संपेलही, त्यामुळे आधी कुठलं याचा वाद तुमच्या बाबतीत नाही. एरवी जास्त दराचं आधी फेडावं की लहान बाकीचं आधी, यावर लोक तासन्‌तास बोलतात. दरांत अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर लहान आधी संपवा. एक कार्ड संपलेलं पाहिलं की माणूस पुढचं फेडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ध्येय लिहायचं कुठे? अॅप नको, एक्सेल नको. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुम्ही दुधाचा हिशोब लिहीत असालच, दीड लिटर, एक लिटर, खाडा. त्याच कॅलेंडरवर दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या चौकोनात त्या दिवशी दोन्ही कार्डांवर मिळून किती उरले पाहिजेत तो आकडा आजच पेन्सिलीने लिहून ठेवा. पंचवीस तारीख आली की खरा आकडा पेनाने खाली लिहायचा. तुमची स्टेटमेंट्स वेगवेगळ्या तारखांना येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बिलिंग सायकल, म्हणजे स्टेटमेंट निघण्याची तारीख, किमान एकदा बदलून घेण्याचा पर्याय ग्राहकाला आहे. तो वापरा आणि दोन्ही कार्डांची स्टेटमेंट्स पंचवीसच्या आसपास आणून ठेवा, म्हणजे एकाच दिवशी खरा आकडा समोर येईल.

जुलैपासून सुरू करू, जूनच्या फीचा मार बसून गेल्यावर. जुलैत ८,८०० भरले, व्याज ४,८२८ लागलं, की उरतात १,१२,०००. ऑगस्टमध्ये १,०८,०००. मी शेकड्यात गोळाबेरीज करते आहे, तुमच्या पेनाचा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. मग येतात गणपती. तुमच्याकडे दीड दिवसाचा असतो, आरास, प्रसाद, माहेरची माणसं, सोसायटीची वर्गणी. तेव्हा सप्टेंबरमध्ये ८,८०० निघणार नाहीत हे आजच कबूल करा आणि त्या महिन्यात ६,५०० धरा. सप्टेंबरचं ध्येय १,०६,०००. म्हणजे महिन्यात फक्त दोन हजारांनी कमी. हे कमी वाटेल, पण ते ठरवून कमी आहे. बाराही महिन्यांना एकसारखं ध्येय ठेवणं ही मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक. गणपतीत ते मोडतं, मग 'जाऊ दे, आता दिवाळीनंतर बघू' होतं, आणि दिवाळीत कार्ड पुन्हा बाहेर येतं. आपलं वर्ष सपाट नसतं. जूनला फी, श्रावणात सण, मग गणपती, दिवाळी, लग्नसराई. ध्येयही तसंच चढतं-उतरतं हवं.

ऑक्टोबरमध्ये मिस्टरांचा दिवाळी बोनस ४०,००० येतो असं लिहिलंय. त्यातले १२,००० दिवाळीला ठेवा. मुलांना कपडे घ्या, फराळ करा, हात आखडू नका. २८,००० कार्डांना द्या. त्या महिन्याचे ८,८०० मिळवून ३६,८०० होतात. त्यातून लहान कार्डाचे राहिलेले २५,१८५ पूर्ण भरून ते शून्य करा, बाकीचे ११,६१५ मधल्यावर. ऑक्टोबरच्या पंचवीसला उरतात ७३,५००, तेही एकाच कार्डावर. फक्त बोनस खात्यात आल्यापासून दोन दिवसांत ही रक्कम भरून टाका. आठवडाभर राहिली की तिला पाय फुटतात.

पुढे नोव्हेंबर ६७,७००, डिसेंबर ६१,७००, जानेवारी ५५,५००. हे तीन महिने कंटाळवाणे आहेत, सांगून ठेवते. मोठा सण नाही, मोठी रक्कम नाही, आकडा सहा-सहा हजारांनी उतरतो. इथे मिस्टरांना जुनी गाडी बदलावी असं वाटेल, तुम्हाला एसआयपी परत सुरू करावी असं वाटेल. दोन्ही थांबवा. फेब्रुवारीत तुमचा भिशीचा नंबर आहे, बारा जणींचे दोन-दोन हजार म्हणजे चोवीस हजार. ते सगळे कार्डावर. फेब्रुवारीचा आकडा २५,०००. मार्च १७,२००, एप्रिल ९,१००. आणि मे महिन्यात व्याज धरून ९,४५९ राहतात. ८,८०० च्या वरचे सहाशे-सातशे त्या महिन्यात कुठूनही काढा आणि संपवा. जूनच्या फीच्या आधी दोन्ही कार्डं शून्यावर आलेली असतील. अठ्ठावीस महिने होणार होते, ते अकरा झाले. पतपेढीचा हप्ता अजून वर्षभर राहील, पण जूनची फी भागली की मोकळे झालेले ८,८०० काही महिने तिकडे वळवलेत तर तोही लवकर संपेल.

एखाद्या महिन्यात पेनाचा आकडा पेन्सिलीच्या आकड्यापेक्षा मोठा आला तर? येईल, निदान दोनदा तरी येईल. तेव्हा राहिलेली तूट पुढच्या महिन्याच्या माथी मारू नका. पुढचा महिना आधीच पुरेपूर भरलेला असतो, त्यावर आणखी तीन हजार लादले की तोही फसतो. खोडरबर घ्या आणि खऱ्या आकड्यापासून पुढचे सगळे चौकोन नव्याने लिहा. शेवट एक महिना लांबेल, बस.

भरायचे कधी, हेही महत्त्वाचं. ड्यू डेटची वाट पाहू नका. व्याज रोजच्या बाकीवर लागतं, म्हणून एक तारखेला मिस्टरांचा पगार झाला की त्याच संध्याकाळी भरा. ड्यू डेटपर्यंतच्या दिवसांचं व्याज वाचतं. शिवाय दोन्ही कार्डांना मिनिमम ड्यूचं ऑटो डेबिट लावून ठेवा, घाईगडबडीत विसरलात तर आधार म्हणून. मार्चमध्ये एक भरणा चुकला आणि लेट फी लागली असं तुम्ही लिहिलंय. नियम असा आहे की ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते आणि ती राहिलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. तुमचा भरणा दुसऱ्या दिवशीच झाला होता, तेव्हा ती फी परत मागा, लेखी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, १४४४८ वर माहिती मिळते. तेव्हा वसुलीचे फोन रात्री साडेनऊला आले, तेही चूक. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शाळेत फोन करून सांगू, शेजाऱ्यांना सांगू, अशी धमकी कोणी दिली तर तारीख, वेळ, नंबर वहीत उतरवा आणि तीच नोंद तक्रारीला जोडा.

तुमच्या शाळेच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजबद्दलही विचारलंत, की तीस टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, म्हणून भरूच नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्या मेसेजच्या भरवशावर भरणं थांबवू नका. आणि 'सेटलमेंट करून देतो, निम्म्यात मिटवतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. तुम्ही भरू शकणारं घर आहात. सेटलमेंट केली की क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर, 'सेटल्ड' शेरा पडतो, 'क्लोज्ड' नाही, आणि मोठ्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी तो शेरा समोर येईल.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहिते. तुमच्या पत्रात 'मिस्टरांना मी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही' असं एक वाक्य आहे. काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ती स्टेटमेंट्स वाचत होती, मी आकडे मांडत होते, तीन कार्डांची बेरीज झाली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून चौथं कार्ड काढलं आणि टेबलावर उलटं ठेवलं, नंबरची बाजू खाली. कोणीच काही बोललं नाही. कपातल्या चहावर साय धरली. शेवटी तिने ते कार्ड सुलटं केलं आणि मला म्हणाली, "याचाही लिहा." त्या दिवसापर्यंत त्यांचं एकही ध्येय टिकलं नव्हतं, कारण चौथ्या कार्डाचं मिनिमम तो गुपचूप घरखर्चातून काढत होता आणि दर महिन्याला हिशोब का चुकतो ते तिला कळत नव्हतं. त्यानंतर त्यांना दोन वर्षं लागली, पण फिटलं. तुमचे मिस्टर रागावतील कदाचित, एक संध्याकाळ घर शांत राहील. पण पतपेढीच्या अर्जावर सही त्यांची लागणार आहे, आणि कॅलेंडर दोघांना दिसेल अशाच भिंतीवर आहे. रविवारी मुलं खेळायला गेली की तिन्ही स्टेटमेंट्स समोर ठेवून सांगा. आधी बेरीज सांगा, कारणं नंतर. मोठा मुलगा नववीत आहे, त्यालाही एवढं सांगायला हरकत नाही की हे वर्ष घर कर्ज फेडतंय. मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच आधी कळलेलं असतं.

आता शेवटचं, मघाशी सांगते म्हटलेलं. कार्डाची संपूर्ण बाकी भरली तरी पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज येतं, मागचं स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही भरलं त्या दिवसापर्यंतचं. मी स्वतः या खात्यात काम करत असताना माझ्या एका कार्डाचे असे काहीशे रुपये राहिले. सगळं भरलंय या समजुतीत पुढची दोन स्टेटमेंट्स उघडलीच नाहीत, आणि त्यावर लेट फी चढून माझ्या रिपोर्टवर उशिराची नोंद लागली. ती काढायला मला चार महिने पत्रव्यवहार करावा लागला. म्हणून शून्य झाल्यावर आणखी एक स्टेटमेंट येऊ द्या, त्यातले राहिलेले रुपये भरा, पूर्ण शून्याचं स्टेटमेंट हातात आलं की मगच कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. बंद केल्याचं पत्र किंवा ईमेल जपून ठेवा. मोठं आणि लहान, ही दोन कार्डं अशी बंद करा. मधलं सर्वांत जुनं आहे, ते लिमिट तीस हजारांवर आणून ठेवलंत तर चालेल, क्रेडिट रिपोर्टला जुन्या कार्डाचा फायदा होतो. वर्षाला एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, रिपोर्ट फुकट मिळतो. पुढच्या वर्षीच्या जुलैत काढाल तेव्हा दोन्ही कार्डांपुढे 'क्लोज्ड' लिहिलंय ना, ते बघून घ्या.

पतपेढीच्या अर्जासोबत साधारण तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लागतात. मिस्टरांना या आठवड्यातच काढून ठेवायला सांगा, म्हणजे जुलैच्या पंचवीसला पहिला चौकोन भरेल तेव्हा मोठ्या कार्डाचा आकडा त्यात नसेल.